मागच्या चाकांचा ब्रेक

१

ब्रेकचं पेडल तळाला टेकलं तेव्हा मला भीती वाटली नाही, संताप आला. आधीच घरात काय कमी होतं? हर्षाली, आमची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ पोटात आडवं. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलेलं, सोमवारी सकाळी दवाखान्यात हजर व्हा, ऑपरेशन करू, कळा सुरू व्हायची वाट बघू नका. धाराशिवहून सोलापूरला जायचं म्हणजे वाटेत तुळजापूरचा घाट उतरायचा. आणि नेमका त्याच आठवड्यात गाडीनं माझा घात करायचा!

मी एसटीत वाहक आहे. ब्रेक दुसऱ्यानं मारायचा आणि आपण तोल सांभाळत तिकिटं फाडायची, यात उभी नोकरी गेली. पण डेपोच्या वर्कशॉपात चहा पिता पिता मेकॅनिकांचं काम बघून बघून मलाही बरंच येतं, असं माझं मत आहे. माझ्या बायकोचं, दैवशालाचं, मत वेगळं आहे.

जॅक लावून गाडीखाली शिरलो. मागच्या चाकांकडे ब्रेकचं तेल नेणारा पाइप गंजून गंजून पापुद्रे सुटलेला, आणि एका जागी तेल पाझरत होतं. पुढचे पाइप ठणठणीत. आमच्या कोरड्या मुलखात गंज येतो कुठून, असं वाटेल कुणालाही. तर तो येतो शेजारच्या धुरपताबाईंच्या शेळ्यांकडून. दुपारची सावली म्हणून सगळ्या जणी माझ्या गाडीच्या मागच्या भागाखाली येऊन बसतात, आणि बसल्या जागी सगळं उरकतात.

"शेळीच्या मुतानं कुटं लोखंड गंजतंय व्हय?" धुरपताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "गाडीच जुनी झालीया तुमची. भंगारात द्या."

म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार? मी परत गाडीखाली गेलो.

२

गंजलेला नट सोडवणं हे माणसाचं काम नाही. पाना लावला की नट गोल होतो. तेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. शेवटी नट सुटला तो पाइपासकट पिळवटून आला. माझ्या डोळ्यांत गंज, कोपरं सोललेली, पाठीखाली पोतं आणि पोत्याखाली शेळ्यांच्या लेंड्या. वरून दैवशालाची टकळी चालूच.

"अहो, त्या सिद्धारामची जीप सांगा म्हनलं तर ऐकंना झालाव. पोरीच्या जिवाशी कशाला खेळ?"

"खेळ नाही, दुरुस्ती चाललीय."

"दुरुस्ती लई बघितली तुमची. मिक्सर आजून पोत्यात हाय."

हर्षाली ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली. पोटावर हात ठेवून गालातल्या गालात हसत होती. तेवढंच काय ते बरं वाटत होतं मला. पोरगी आतून घाबरलेली होती. तिची आई कुणाशी तरी भांडत असली की तिचं लक्ष तिकडं जात असे, म्हणून मीही भांडण मुद्दाम चालू ठेवलं.

बाजारातून नवीन पाइप आणला. टोकांना नट बसवलेले होते, फक्त वाकवून बसवायचा. जुन्या पाइपाला शेजारी ठेवून, हातानं हळूहळू वळणं देत, तो मी जागेवर नेला. रविवारी दुपारी दोन्ही टोकं घट्ट बसली. कुठूनही थेंब नाही. मी गाडीखालीच पाठीवर पडून दोन मिनिटं नुसता त्या नव्या चकचकीत पाइपाकडे बघत राहिलो. आता उरली होती फक्त हवा काढायची.

३

नव्या पाइपात हवा असते. ती राहिली तर पेडल कितीही दाबा, ब्रेक लागत नाही. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं ड्रायव्हरच्या जागी बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्यानं मागच्या चाकाशी झोपून हवा सोडायचं बारकं निपल ढिलं करायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे आणि तेल त्याला लावलेल्या नळीतून बाटलीत येतं. मग निपल आवळायचं आणि ओरडायचं, सोड. निपल उघडं असताना वरच्यानं पाय उचलला की बाहेरची हवा परत आत. सगळी मेहनत पाण्यात.

दैवशालाला हे मी समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली. मान डोलावण्यात ती पटाईत आहे.

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलंय."

निपल ढिलं केलं. बुडबुडे आले, आणि गुडूप करून परत आत गेले.

"अगं, पाय का उचललास?"

"माशी बसली व्हती."

पुन्हा पहिल्यापासून. मग तिला फोन आला. मग हर्षालीला ताक हवं होतं. मग पाय दुखतो म्हणून तिनं पाय बदलला, तोही न सांगता. दर वेळी नळीतले बुडबुडे मागं जायचे आणि माझं डोकं पुढं. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. शेवटी ती वरून काहीच बोलेनाशी झाली. रुसली असणार. म्हटलं रुसू दे, निदान पाय तरी जागेवर राहील.

आणि खरोखर, तिथून पुढं काम लोण्यासारखं झालं. मी दाब म्हणायचा अवकाश, चाकाच्या डब्यात ब्रेकचे शू टक् करून टेकायचे. धर म्हटलं की नळीतलं तेल एकसारखं यायचं, हात जरासुद्धा, म्हणजे पाय जरासुद्धा न थरथरता. सोड म्हटल्याशिवाय काही हलायचं नाही. डावं चाक झालं, मी उजव्या चाकाखाली सरकलो. मला तिचं कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटल्यावर आधी बोललेलं सगळं जरा लागलं.

"धर," मी मऊ आवाजात म्हटलं.

"धरलंय, वैजनाथ."

पाना माझ्या हातात तसाच राहिला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, दैवशालानं माझं नाव कधी घेतलेलं नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी अहो, नाहीतर हर्षालीचे पप्पा. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं तरी ती शेजारणीकडे बघते. आवाज तिचाच होता. पण थंडपणे, मालकानं गड्याला हाक मारावी तसं तिनं ते म्हटलं होतं.

मला काय वाटलं सांगू? वाटलं, बया सूड घेतीय. एवढा वेळ शिव्या खाल्ल्या, आता वसूल करतीय. मी मुकाट्यानं निपल ढिलं केलं. स्वच्छ तेल आलं, एकही बुडबुडा नाही. निपल आवळलं.

"सोड."

चाकातून हलका आवाज आला आणि पेडल सुटलं.

४

मी पोत्यावरून घसटत बाहेर आलो, अंग झटकलं, आणि फाटकातून दैवशाला आत येताना दिसली. कडेवर भरलेली घागर, डोक्यावर हंडा, पदर चिंब. तिच्या मागं धुरपताबाई आपली कळशी घेऊन.

"झालं का तुमचं एकदाचं?" ती म्हणाली.

"तू कुठं गेली होतीस?"

"नळाला. पानी सुटलं न्हवं का. आठवडा झाला, घरात थेंब न्हाय."

"कधी?"

"मगाशीच. तुमाला सांगून गेले की. तुमी व्हय म्हनलात."

मी व्हय म्हटलं नव्हतं. मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी धुरपताबाईंकडे बघितलं.

"माझ्या म्होरं नंबर व्हता तिचा," त्या म्हणाल्या. "ही तिसरी खेप हाय. का वो, काय झालं?"

काही नाही, असं मी म्हटलं आणि गाडीच्या दाराशी गेलो. मला एवढंच बघायचं होतं की हर्षाली तर पेडलवर बसली नव्हती ना. बाळ आडवं असताना हिला कुणी हे उद्योग सांगितले, म्हणून ओरडायची तयारीच केली होती मी. पण हर्षाली ओट्यावर खुर्चीतच झोपलेली होती, पायावर पातळ चादर, हातातला ताकाचा पेला कलंडायच्या बेतात.

ड्रायव्हरची सीट पुढं सरकवलेली होती. दैवशाला ठेंगणी, तिच्यासाठी मी ती थोडी पुढं घेतली होती, हे खरं. पण आता ती पार शेवटच्या टोकाला गेली होती. सीटची पाठ आणि स्टिअरिंग यांच्यात एक ताट उभं सरकेल एवढीच फट राहिलेली. त्या फटीत माणूस काय, पोरगंसुद्धा बसलं नसतं. आणि ती सीट सहज सरकतही नाही. तिचा दांडा हातोडीनं ठोकावा लागतो, गल्लीभर किंचाळल्यासारखा आवाज होतो. मी गाडीखाली होतो. मला तसा आवाज आला नव्हता.

मग आठवलं म्हणून बॉनेट उघडलं. हवा काढताना वरच्या डबीत अधूनमधून तेल घालावं लागतं, नाहीतर ती रिकामी होते. मी या सगळ्या घोळात एकदाही घातलं नव्हतं. तेलाचा नवा डबा सील न फोडलेला, ओट्याखाली तसाच होता. आणि गाडीतली डबी काठोकाठ भरलेली.

"बसला का न्हाय बिरेक?" दैवशाला हंडा उतरवत म्हणाली.

मी आत हात घालून पेडल दाबलं. दगडासारखं टणक.

"बसला," मी म्हटलं.

५

मी वेडा नाही. वीस वर्षं गर्दीत हिशेब जुळवणारा माणूस आहे. मी विचार केला. उन्हात पोटात काही नसताना पडून होतो, ग्लानी आली असेल. पाइप बसवला तेव्हाच हवा आपोआप निघाली असेल. आवाज नळावरच्या बायकांचा असेल. सीट दैवशालानंच सरकवली असेल, तिला काय कळतंय. ही गाडी आमच्याकडे नवी कोरी आली, तिच्यात कुणी गेलं नाही, ती कुणाला धडकली नाही. गाडीत काही असायचं कारण काय? प्रत्येक गोष्टीला एकेक उत्तर मिळालं. फक्त सगळी उत्तरं एका वेळी खरी धरायची म्हटलं की हिशेब जुळत नव्हता.

म्हणून मी एक उद्योग केला. करायला नको होता.

"दैवशाला, इकडं ये. दाराशी उभी राहा. आत बसायचं नाही."

"आता आनि काय?"

"उभी राहा म्हटलं ना."

मी परत पोत्यावर पडून मागच्या चाकाशी सरकलो. गाडीच्या खालून मला दैवशालाचे दोन्ही पाय दिसत होते. ओल्या चपला, पायांत पैंजण, टाचेला चिखल. दोन्ही पाय जमिनीवर. मी चाकाच्या डब्यावर तळहात ठेवला आणि ओठांतल्या ओठांत, स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल असं म्हटलं, "दाब."

टक्.

तळहाताला तो धक्का स्पष्ट जाणवला. दैवशालाचे पाय हलले नव्हते. तिनं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला तो नंतर.

"अहो, किती येळ उभी राहू? भाकऱ्या ऱ्हायल्यात."

मी सोड म्हणायला तोंड उघडलं, पण माझी हिंमत झाली नाही. न बोलताच बाहेर आलो आणि फोन काढून सिद्धारामला जीप सांगितली. पहाटे दारात पाहिजे म्हटलं.

दैवशालानं कपाळावर हात मारला. "आठवडाभर जीप सांगा म्हनत व्हते तवा न्हाय. आता बिरेक दुरुस्त झाला तर जीप! तुमचं डोस्कं ठिकानावर हाय का?"

यावर माझ्याकडे खरं उत्तर होतं. पण पोरगी जागी होऊन ऐकत होती.

६

पहाट झाली, उजाडलं, ऊन ओट्यावर आलं. सिद्धारामची जीप आली नाही. फोन लावला तर म्हणाला, गाडी लातूरला लग्नाच्या वऱ्हाडात अडकलीय, दुपारपर्यंत पाठवतो. दुपारी ऑपरेशन कुणाचं करणार, माझं? मी आणखी दोन-चार ठिकाणी फोन फिरवले. लग्नसराईचे दिवस, रिकामी गाडी कुणाकडेच नाही. एसटीनं पोरीला आदळत-आपटत न्यायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलेलं. तेवढ्यात हर्षाली कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकली.

"पप्पा, जरा कसंतरी होतंय."

दैवशालानं माझ्याकडे जे बघितलं ते बघितल्यावर मी किल्ली घेतली.

सीट मागं ठोकून घेतली. मायलेकी मागं बसल्या, हर्षालीचं डोकं आईच्या मांडीवर. अनवाणी चालवायची माझी सवय, चपला बाजूला काढून ठेवल्या. गावातून निघताना पहिला ब्रेक जपून, हळूच मारला. पण पेडल पेडलसारखंच लागलं. खाली रबर, रबरावरच्या रेघा. दुसऱ्यांदाही. तुळजापूरला गर्दीत तर किती वेळा मारला याला गणतीच नाही. गाडी म्हणेन तिथं उभी. मला माझंच हसू यायला लागलं. वैजनाथराव, म्हटलं, वय झालं, चष्म्याचा नंबर बदलून घ्या आणि डोक्याचाही.

घाट सुरू झाला. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, डुलत डुलत उतरत होता. मी ब्रेकवर पाय ठेवला.

पायाखाली पेडल नव्हतं. पाऊल होतं.

मऊ, कोमट, वरच्या बाजूला शिरा असलेलं पाऊल. माझ्या तळव्याला त्याच्या बोटांची हाडं लागली. मी चटका बसल्यासारखा पाय उचलला. गाडी लगेच सुटली, ट्रॉलीतला ऊस काचेत मोठा होत आला, मागं हर्षाली कण्हली. मी डोळे मिटून, खरंच मिटून, पाय परत खाली दाबला. त्या पावलावर. ते बाजूला झालं नाही. माझ्या भाराखाली ते आणखी खाली गेलं आणि गाडी सावरली.

वळणावर एकदा, फक्त एकदा, मी खाली बघितलं. पेडल खाली गेलेलं होतं. माझा पाय त्याच्या चार बोटं वर होता. मधल्या जागेत काही नव्हतं, उन्हाची तिरीप पडली होती आणि धूळ तरंगत होती. आणि तळव्याला तर ते लागतच होतं.

सगळा घाट मी तसाच उतरलो. दर वळणाला ते दाबलं. मला ओरडायचं होतं, गाडी सोडून पळायचं होतं. पण मागं पोरगी होती, आणि तिच्या पोटात आडवं पडलेलं ते दुसरं होतं. म्हणून दाबत राहिलो.

सपाट रस्ता लागला तसा मी पाय काढला आणि सीटखाली मागं ओढून घेतला. आता काही झालं तरी तिथं पाय ठेवायचा नाही, असं ठरवलं. गिअरवर वेग कमी करू, हँडब्रेक ओढू. पुढं एका गावाचा गतिरोधक आला. मी गिअर टाकायच्या आत गाडी मंद झाली. इतकी अलगद, की गतिरोधक ओलांडला तो कुणाला कळलाही नाही.

"पप्पा," मागून हर्षाली म्हणाली, झोपेत बोलल्यासारखी, "आज किती जपून चालवताय हो तुम्ही."

मी आरशात बघितलं. दैवशाला आरशात बघत नव्हती. ती दोन सीटांच्या मधून वाकून खाली बघत होती. आधी मागं ओढलेल्या माझ्या पायांकडे, मग पेडलकडे. पुढं एक बैलगाडी आडवी आली तेव्हा पेडल आपसूक खाली गेलं, ती रस्ता ओलांडून जाईपर्यंत खाली राहिलं, आणि मग वर आलं. दैवशालानं लेकीच्या डोळ्यांवर पदर ओढला, जसं काही ऊन लागत होतं. दुसरा हात तिच्या पोटावर ठेवला.

मग ती माझ्या कानाशी आली. आवाज अगदी हळू होता, पण रोजचाच होता, भांडणातलाच.

"अहो, पाय ठिवा तिथं. सगळं त्याच्यावर सोडू नगा."

मी पाय पुढं नेला आणि त्याच्यावर ठेवला. सोलापूर अजून बरंच लांब होतं.